स्वाप आणि विबोध : वनस्पतींच्या पर्णनिद्रेविषयी

दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये, झाडे झोपलेली असतात, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असते. पुढे वैद्यकीचा अभ्यास करताना द्रव्यगुणाचे ग्रंथ हाती आले, वनस्पतिशास्त्राची तोंडओळख झाली आणि ते वाक्य बालपणीच्या इतर समजुतींबरोबर मागे पडले. आमचेही तसेच झाले होते. एका पावसाळ्यात, स्वतःच्याच चुकीमुळे, त्या वाक्याकडे आम्हाला पुन्हा वळून पाहावे लागले.

आमच्या छोट्या औषधशाळेत भूम्यामलकी ओल्या अवस्थेत लागते. स्वरसासाठी ताजी, आणि उरलेली सावलीत वाळवून चूर्णासाठी. एक वनौषधी गोळा करणारी बाई अनेक वर्षे श्रावण-भाद्रपदात भुईआवळीच्या जुड्या आणून देत असे. एके दिवशी तिला यायला उशीर झाला. दिवे लागले होते. जुड्या सोडून पाहिल्या तर प्रत्येक डहाळीवरील पाने मिटून एकमेकांना चिकटलेली. माल शिळा आहे, सुकला आहे, असे म्हणून आम्ही तिला निम्मा दर सांगितला. ती बाई वाद घालत बसली नाही. "निजलीय ती, सकाळी बघा," एवढेच म्हणाली, आणि पैसे न घेता जुड्या परत घेऊन गेली. दोन जुड्या मात्र आमच्या ओट्यावर राहिल्या. मदतनिसाने त्या बादलीभर पाण्यात उभ्या करून ठेवल्या. सकाळी पाहिले तेव्हा त्यांची पाने सपाट उघडली होती, आणि रंग आदल्या संध्याकाळपेक्षा तिळमात्र उतरला नव्हता.

ती बाई त्या हंगामात पुन्हा आली नाही. तिची जागा घेतलेल्या व्यापाऱ्याकडून जो माल आला, त्यात निम्म्याहून अधिक माल भूम्यामलकीचा नव्हताच. त्याविषयी पुढे लिहिणार आहोत. आधी पान मिटते म्हणजे नेमके काय होते ते पाहू.

मिटलेले पान आणि सुकलेले पान

सुकताना पानाच्या पात्यातील पाणी कमी होते, पेशींचा ताठरपणा जातो आणि पान लुळे पडते. निद्रेत पात्याला काहीच होत नाही. हालचाल होते ती फक्त सांध्यात. चिंच, शिरीष, आवळा, टाकळा, लाजाळू यांपैकी कोणत्याही झाडाची पर्णिका भिंगाखाली पाहावी. तिच्या देठाच्या तळाशी बारीकशी फुगीर गाठ दिसते. वनस्पतिशास्त्रात तिला पल्व्हिनस म्हणतात. आपण तिला पर्णसंधी म्हणू, कारण तिचे काम सांध्याचेच आहे. या गाठीच्या मध्यभागी रसवाहिन्यांचा लवचीक दोर असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ, ताणल्या जाऊ शकणाऱ्या भित्तींच्या पेशी असतात. एका बाजूच्या पेशी फुगल्या की पान उघडते. त्या आक्रसल्या आणि समोरच्या बाजूच्या फुगल्या की पान मिटते.

पेशी फुगतात आणि आक्रसतात त्या क्षारांमुळे. पेशीच्या आवरणातून पोटॅशियम आणि क्लोराइड यांचे कण आत घेतले गेले की त्यांच्यामागोमाग पाणी आत येते. कण बाहेर सोडले की पाणीही बाहेर जाते. पेशीच्या आवरणात या कणांसाठी स्वतंत्र द्वारे असतात, पाण्यासाठीही असतात, आणि ती उघडण्या-मिटण्यासाठी वनस्पती ऊर्जा खर्च करते. म्हणजे पान मिटणे ही शैथिल्याची अवस्था नसून एक केलेली क्रिया आहे. निद्रा हा शब्द म्हणूनच थोडा फसवा आहे. आपण तो वापरतो, लिनीअसनेही १७५५ साली वनस्पतींची निद्रा याच शीर्षकाचा प्रबंध लिहिला होता. परंतु आपल्या शास्त्रात निद्रेची जी संप्राप्ती सांगितली आहे, ती येथे लावायला जाऊ नये. मन क्लांत होऊन इंद्रिये विषयांपासून निवृत्त होणे हा येथला प्रकार नाही.

मिटण्याची रीत प्रत्येक कुळात निराळी असते. लाजाळूच्या पर्णिका वर उचलल्या जाऊन पुढे झुकतात. टाकळ्याच्या पर्णिका खाली लोंबतात, आणि लोंबताना स्वतःभोवती अशा वळतात की जोडीच्या दोन्ही पानांचे वरचे पृष्ठ एकमेकांस भिडते. चांगेरीची तीन हृदयाकार पाने छत्री मिटावी तशी खाली झुकतात. आपटा आणि कांचनार यांची जोडपाने मध्यशिरेवर पुस्तकासारखी मिटतात. दसऱ्याच्या सोन्याची पाने आपण दिवसाढवळ्या तोडतो, त्यामुळे हे सहसा कोणाच्या पाहण्यात येत नाही.

काळोखातही चुकत नाही

सूर्य मावळला म्हणून पान मिटले, असे वाटणे स्वाभाविक आहे. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच विद्वानाने स्पर्शाने मिटणारी एक वनस्पती अंधारात ठेवून पाहिली. प्रकाश नसतानाही तिची पाने सकाळच्या वेळी उघडत आणि सायंकाळी मिटत राहिली. १८३२ साली द कांदोल याने आणखी पुढची गोष्ट दाखविली. बाहेरच्या दिवस-रात्रीचा संकेत काढून घेतला की लाजाळूचे हे चक्र चोवीस तासांचे राहत नाही. ते बावीस-तेवीस तासांचे होते. चक्र बाहेरून येत असते तर ते बरोबर चोवीस तासांचेच राहिले असते. घड्याळ वनस्पतीच्या आत आहे, आणि सूर्य त्या घड्याळाची केवळ दररोज वेळ लावतो, हे त्यावरून सिद्ध झाले. प्राण्यांच्या पेशींमधील अशाच घड्याळाचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे काम फळमाशीवरचे होते, पण त्या कथेची सुरुवात एका कपाटात ठेवलेल्या कुंडीपासून होते.

हा प्रयोग कोणालाही करता येईल. चांगेरीची कुंडी दोन दिवस बंद कपाटात ठेवावी आणि मंद लाल दिव्याने अधूनमधून पाहावे. फार दिवस मात्र ठेवू नये, कारण ऊर्जा संपली की पान सुकू लागते आणि मग पाहिलेले निद्रा की शोष हे सांगता येत नाही.

जपानी रसायनशास्त्रज्ञांनी या चक्रामागची काही द्रव्ये वेगळी काढली आहेत, आणि त्यांनी निवडलेल्या वनस्पती आपल्या परिचयाच्या आहेत. भुईआवळीच्या कुळातील फायलँथस युरिनेरिया या जातीतून पान मिटविणारे एक द्रव्य मिळाले. त्याला फायलँथुरिनोलॅक्टोन असे नाव देण्यात आले. टाकळ्याच्या जवळच्या एका वनस्पतीतून पोटॅशियम चेलिडोनेट हे तसेच द्रव्य मिळाले. मिटविणारे आणि उघडविणारे अशा दोन द्रव्यांचे प्रमाण दिवसाच्या वेळेनुसार एकमेकांच्या तुलनेत बदलते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

गुणरत्नाची यादी

या विषयाचा इतिहास पाश्चात्य लेखक सहसा अलेक्झांडरच्या आरमारातील अँड्रोस्थेनीसपासून सुरू करतात. त्याने इराणच्या आखातातील एका बेटावर, आजच्या बहारीनमध्ये, रात्री पाने मिटणारे झाड पाहिले आणि ते वर्णन थिओफ्रास्टसने आपल्या ग्रंथात नोंदविले. ते झाड चिंच असावे असे मानतात. आपल्याकडील नोंदी तितक्या प्रसिद्ध नाहीत, परंतु आमच्या मते त्यांपैकी एक अधिक मोलाची आहे.

चरकसंहितेत सेंद्रिय द्रव्य ते चेतन, असे जेथे म्हटले आहे, त्या स्थानावरील चक्रपाणिदत्ताची टीका आपण सर्वांनी वाचली आहे. वृक्षांनाही इंद्रिये आहेत हे दाखविण्यासाठी तो सूर्याबरोबर फिरणाऱ्या सूर्यभक्तेचा दाखला देतो आणि त्यावरून वनस्पतीला दृष्टी असल्याचे अनुमान करतो. हा अकराव्या शतकातील विचार होय. त्यानंतर सुमारे तीन शतकांनी, चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या संधिकाळात, गुणरत्न नावाच्या जैन पंडिताने हरिभद्राच्या षड्दर्शनसमुच्चयावर टीका लिहिली. वनस्पती सजीव आहेत हे सिद्ध करताना त्याने स्वाप आणि विबोध, म्हणजे झोपणे आणि जागे होणे, हे एक लक्षण दिले आणि त्यासाठी झाडांची नावे सांगितली. शमी, प्रपुन्नाट, कासुंदक, बब्बूळ, अगस्त्य, आमलकी ही त्यांतील ओळखू येणारी नावे. ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन हिंदूंच्या शास्त्रांवरील इंग्रजी ग्रंथात या यादीकडे लक्ष वेधले होते.

ही नावे आपल्या अंगणातील वा बाजारातील झाडांशी जुळवून पाहावीत. प्रपुन्नाट म्हणजे टाकळा, कासुंदक म्हणजे कासविंदा, अगस्त्य म्हणजे हादगा. यांतील प्रत्येक झाड रात्री मिटते. आम्ही एका ऑक्टोबरात ही सहाही झाडे सायंकाळी साडेसात वाजता कंदील घेऊन फिरून पाहिली. शमी शोधण्यासाठी मात्र गावाबाहेर जावे लागले. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या सहांपैकी पाच झाडे शिंबीवर्गातील आहेत. आमलकी तेवढी वेगळ्या कुळातील. तिची बारीक पाने पाहून ती शिरीष-खैराच्या जातीची वाटावी, पण गुणरत्नाने पानाच्या आकारावरून तर्क केलेला नाही. तसा केला असता तर कडुनिंबाचे नावही यादीत आले असते. त्याने, किंवा ज्याच्याकडून त्याने ऐकले त्याने, रात्री उठून झाडे पाहिलेली आहेत.

लज्जालूचा पेच

गुणरत्न येथेच थांबत नाही. हस्तस्पर्शाने लज्जालूची पाने आक्रसतात, असेही तो सांगतो. येथे एक पेच उभा राहतो, आणि तो औषधी विकणाऱ्याने व वापरणाऱ्याने दुर्लक्षिण्यासारखा नाही.

आज आपण लज्जालू म्हणून जी मिमोसा पुडिका वापरतो, ती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील आहे. युरोपीय जहाजांच्या येण्याजाण्यापूर्वी ती भारतात असण्याचे कारण नाही, आणि कोलंबस अमेरिकेत पोचला तो १४९२ साली. मग त्यापूर्वी लिहिणाऱ्या टीकाकाराने स्पर्शाने मिटणारी कोणती वनस्पती पाहिली होती? भावप्रकाशात शमीपत्रा, समंगा, रक्तपादी, नमस्कारी ही लज्जालूची पर्यायनामे आहेत. नमस्कारी हे नाव तर पाहून दिलेले आहे, त्यात शंकेला जागा नाही. भावप्रकाश सोळाव्या शतकातील, त्यामुळे त्यापुरते उत्तर दोन्ही बाजूंनी देता येईल. गुणरत्नाच्या लज्जालूबाबत ते देता येत नाही.

आमचे मत बायोफायटम सेन्सिटिव्हम या लहान वनस्पतीकडे झुकते. कोकणात पावसाळ्यात बांधाच्या कडेला, इवल्याशा माडाच्या रोपासारखी दिसणारी, पिवळ्या फुलांची ही वनस्पती अनेकांनी पाहिली असेल. केरळात तिला मुक्कुट्टी म्हणतात आणि तेथील दशपुष्पांत तिची गणना होते. ती चांगेरीच्या कुळातील असून येथलीच आहे. स्पर्शाने मिटते, रात्रीही मिटते, आणि शमीपत्रा हे नाव तिलाही शोभते. हे अनुमान आहे. परंतु ग्रंथोक्त समंगेचे गुण वाचून आपण जेव्हा मिमोसाचे मूळ देतो, तेव्हा कोणत्या वनस्पतीवर घेतलेला अनुभव कोणत्या वनस्पतीला लावीत आहोत, हा प्रश्न एकदा तरी मनात यावा. मिमोसाचा उपयोग आपल्या वैद्यांनी गेली काही शतके केला आहे आणि तो अनुभवही खराच आहे. फक्त तो चरककालीन आहे असे समजू नये.

मिटावे कशासाठी

कसे मिटते हे जितके स्पष्ट झाले आहे, तितके का मिटते हे झालेले नाही. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर ग्रंथ लिहिला. त्यांनी थंडीच्या रात्री काही पाने उघडी राहतील अशी बांधून ठेवली आणि बाकीची मिटू दिली. उघड्या राहिलेल्या पानांना हिमाची बाधा अधिक झाली. त्यावरून निरभ्र आकाशाकडे होणारा उष्णतेचा ऱ्हास टाळण्यासाठी पान मिटते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. इंग्लंडमध्ये तो पटतो. पण ज्या चिंचेला जन्मात हिम माहीत नाही, तिने रोज ही यातायात का करावी? पुढे ब्यूनिंग या जर्मन शास्त्रज्ञाने चांदण्यामुळे ऋतुज्ञानात गोंधळ होऊ नये म्हणून पान मिटते, असे सुचविले. कल्पना मोहक आहे. मात्र टाकळ्याची पाने जेमतेम अर्ध्या हाताच्या उंचीवर, इतर गवतात दडलेली असतानाही मिटतात, हे पाहिले की तिच्यावर सगळा भार टाकवत नाही.

अलीकडे कीटकांकडे लक्ष वळले आहे. २०२२ साली जपानी संशोधकांनी लाजाळूची अशी रोपे तयार केली की ज्यांना पर्णसंधीच नव्हता. ती मिटू शकत नव्हती. टोळांनी ही रोपे नेहमीच्या रोपांपेक्षा बरीच अधिक खाल्ली. हा प्रयोग स्पर्शाने मिटण्यासंबंधी आहे, रात्रीच्या मिटण्यासंबंधी नाही, हा फरक बातम्यांत पुसला गेला होता. रात्रीच्या संदर्भात आणखी एक विचार मांडला जातो. पाने मिटली की फांदीवरील अळी उघडी पडते आणि रात्री हिंडणाऱ्या भक्षकांना ती सहज सापडते.

आमच्या दृष्टीने सर्वांत सुंदर पुरावा २०२३ साली पुढे आला. चीनमध्ये सापडलेल्या सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या पर्णजीवाश्मांवर कीटकांनी पाडलेली छिद्रे मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखी होती. घडी घातलेला कागद कातरून उलगडावा, तशी. म्हणजे खाल्ले गेले तेव्हा ते पान मिटलेले होते. ती झाडे आज पृथ्वीवर नाहीत. त्यांचा शिंबीवर्गाशी संबंधही नाही. अशी जोडछिद्रे पाहण्यासाठी चीनला जाण्याची गरज नाही. कांचनाराच्या झाडाखाली पडलेली पाने वेचून पाहावीत, काही पानांवर ती मिळतात. कांचनार गुग्गुळासाठी साल विकत घेताना आपण झाड पाहतच नाही, हा भाग वेगळा. अर्थात याच जीवाश्मांवरून असेही दिसते की मिटल्याने कीटक पूर्णपणे टळत नाही.

संग्रहण आणि परीक्षा

आता औषधशाळेकडे वळू. चरकाने कल्पस्थानात कोवळ्या शाखा व पाने वर्षा आणि वसंत ऋतूंत घ्यावीत, असे सांगितले आहे. शार्ङ्गधर वेळही सांगतो. प्रसन्न मनाने, शुचिर्भूत होऊन, प्रातःकाळी, सूर्याकडे मुख करून, मौनाने वनस्पती घ्यावी, असे त्याचे विधान आहे. त्यामागील हेतू आपल्या मनाने ठरविण्याचे कारण नाही. पण सकाळी घेतलेल्या मालाचे दोन उघड लाभ आमच्या अनुभवास आले. पाने उघडी असल्याने ओळख पटते. मिटलेल्या अवस्थेत काढलेली भुईआवळी तशीच ढिगात वाळत घातली, तर जोडपानांमध्ये ओल राहते आणि पावसाळी हवेत बुरशी लवकर धरते.

वेळेनुसार औषधाचे वीर्य बदलते का, असा प्रश्न काही बंधूंनी विचारला आहे. पानातील पिष्टाचा साठा दिवसभर वाढतो आणि रात्री खर्च होतो, हे निश्चित आहे. वर उल्लेखिलेली मिटविणारी द्रव्येही वेळेनुसार कमी-अधिक होतात. परंतु यावरून सायंकाळची भूम्यामलकी यकृतावर कमी काम करते, असा निष्कर्ष निघत नाही. अशी जाहिरात आमच्या पाहण्यात आली आहे. ती करणाऱ्यांनी आधार दाखवावा.

ओळखीचा प्रश्न मात्र खरा आहे. आपल्या फार्माकोपियात तामलकी म्हणून फायलँथस फ्रॅटर्नस दिली आहे. बाजारात फायलँथस अमारस सर्वाधिक येते, तिच्यात युरिनेरिया आणि मदरासपटेन्सिस मिसळलेल्या असतात, आणि जुन्या पुस्तकांत या साऱ्यांवर फायलँथस निरुरी हे अमेरिकेतील एका निराळ्या जातीचे नाव छापलेले आहे. रात्री पान मिटते एवढ्यावरून यांत निवड करता येत नाही, कारण युरिनेरियाही मिटते. फूल आणि फळ पाहावे लागते. अमारसच्या फुलाला पाच दले, फ्रॅटर्नसला सहा. युरिनेरियाचे फळ जवळजवळ बिनदेठाचे व खरबरीत असते आणि झाडावर तांबूस झाक असते. मदरासपटेन्सिसची पाने मुख्य खोडावरही पसरलेली असतात, ती केवळ बाजूच्या डहाळ्यांवर नसतात. आरंभी उल्लेखिलेल्या व्यापाऱ्याच्या मालातील मोठा भाग याच शेवटच्या जातीचा निघाला. वाळलेल्या, चुरगळलेल्या मालात हे समजायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि तोवर एक घाणी चूर्ण तयार होऊन बसले होते. ते सर्व टाकून द्यावे लागले.

मिटलेला ओला माल आला तर परीक्षा सोपी आहे. खोड हातात धरून उभे करावे. झोपलेल्या वनस्पतीचा शेंडा ताठ असतो आणि मिटलेली पाने बोटाने उलगडली तर सोडताच पुन्हा मिटतात. सुकलेल्या मालाचा शेंडा मान टाकतो आणि पान बोट ठेवील तसे राहते. शंका राहिलीच तर चार काड्या पाण्यात ठेवून सकाळपर्यंत थांबावे आणि दर सकाळी ठरवावा. दुपारच्या कडक उन्हातही चांगेरीसारखी काही पाने मिटतात, तीही सुकलेली समजू नयेत.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही त्या बाईच्या वाडीवर गेलो. तिने माल देण्याचे कबूल केले, पण दर आदल्या वर्षीपेक्षा किलोमागे चार रुपये अधिक मागितला आणि तो आम्ही दिला. आता ती उशिरा आली तर जुड्या ओट्यावर पाण्यात उभ्या करते, आमच्याकडे न पाहता, आणि वजन करण्यासाठी दुसऱ्या दिवशी येते.